माझं तोंड भावाकडे आहे

...आणि वर फोनवरची ती बाई मलाच विचारते, "सर, नक्की तुम्हीच बोलताय ना?" अहो, मी नाही तर काय शेजारी बोलणार? तुम्हाला सांगतो, एकोणसत्तर वर्षं या तोंडानं वावरतोय आणि एक वीतभर काच मला म्हणते, 'चेहरा जुळत नाही.' मी म्हणजे मीच ना?

झालं काय, डॉक्टरनं वरचे-खालचे सगळे दात काढले. गाल गेले आत, हनुवटी आली वर. कवळीला दोन महिने! नेमका त्याच आठवड्यात फोन बदलला, नव्या फोननं ओळखीसाठी चेहरा मागितला आणि माझं फोटोंचं खातं बंद! त्यात लेकीनं परदेशातून पाठवलेले फोटो, तीन आठवड्यांच्या नातीचे. लेक म्हणते, "बाबा, नाक अगदी तुमच्यावर गेलंय हो! दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवू?" म्हटलं, मुळीच नाही! नात माझी, नाक माझं, खातं माझं!

आता मदतकेंद्रातली ही बाई. आवाज साखरेचा, काळीज दगडाचं. "सर, मान डावीकडे... आता उजवीकडे... आता डोळे मिचकावा." मी खिडकीत उभा राहून मिचकावतोय, तेवढ्यात आमची ही आत आली. "अहो, या वयात कुणाला डोळे मारताय?" म्हटलं, ओळख पटवतोय! तर म्हणते, "मग तोंड मिटून पटवा."

नवव्यांदा नापास झालो तेव्हा बाई म्हणाली, "सर, हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. उद्या तुमच्या नावानं दुसराच कुणी घुसला तर?"

इथं मात्र मी फोनच ठेवून दिला. कारण दुसरा आहे ना! जुळा भाऊ. माझ्याहून नऊ मिनिटांनी धाकटा, सुतारकाम करतो. सात वर्षं आम्ही बोलत नव्हतो. का? छापखान्यातून मी निवृत्त झालो त्या दिवशी शेवटचं छापकाम हातावेगळं करत बसलो, कार्यक्रमाला उशीर झाला आणि मालकांनी माझा पुष्पगुच्छ दिला याच्या हातात! बरं, दिला तर सांगावं ना, 'मी तो नव्हे'? छे! यानं भाषण ठोकलं! लोकांनी डोळे पुसले! मी शाईच्या हातांनी दारात उभा, तर नवा शिपाई म्हणतो, "आजोबा, बसा, सत्कार चालू आहे." सांगा, मी म्हणजे मीच ना?

दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग भाजी चिरता चिरता ही एवढंच म्हणाली, "भावजींचे दात शाबूत आहेत."

गेलो. झक मारत गेलो! त्यानं दार उघडलं, केसांत भुसा, आणि माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, तुझं तोंड कुठंय?"

म्हटलं, "तुझ्याकडे. दे जरा."

भुसा झटकून बसला. फोन समोर धरला आणि... एक सेकंद! पुरता एकसुद्धा नाही! 'ओळख पटली. आपलं स्वागत आहे.' माझ्या नावानं! मी इतके दिवस माना वेळावतोय आणि याचं स्वागत!

फोटो उघडला. दोघांनी चष्मे चढवले. बारीकशी मूठ, मिटलेले डोळे... आणि हा म्हणतो, "नाक माझ्यावर गेलंय."

असा संताप आला! आणि तोंड उघडलं तर हसूच फुटलं. बिनदाताचं हसू आवरत नाही हो, धरायला आत काही नसतंच. मग तोच खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी सगळे खोळंबले होते. आणि तू आला असतास, तरी स्वतःबद्दल चार बरे शब्द बोलला असतास? म्हणून मी बोललो." काय बोललास, हे मी सात वर्षांत विचारलंच नव्हतं. आता विचारलं. त्यानं काय सांगितलं ते मात्र मी तुम्हाला सांगणार नाही.

आता दर सोमवारी ते खातं पुन्हा ओळख मागतं. कवळी आली तशी बाईचा फोन, "सर, नवा चेहरा नोंदवून घेऊ या का?" म्हटलं, राहू द्या. दर सोमवारी हा येतो, दोन कप चहा ढोसतो, माझ्या खुर्चीत बसतो, नातीला माझ्याआधी बघून घेतो... काय करणार? सुरक्षा म्हटली की एवढं सोसावंच लागतं!