दुसरा गोलकीपर

लेक : जावयाला परगावच्या संघाला देऊन टाकलंत, आणि मला कळलं कोचच्या बायकोकडून.

बाबा : संध्याकाळी घरी येऊन सांगणार होतो. बस ना.

लेक : बसायला नाही आले. ठरवलं कोणी? कोचने?

बाबा : कोच फक्त खेळवतो. हॉकीच्या संघात कोण राहणार, कोण जाणार, ते मॅनेजर ठरवतो. म्हणजे मी.

लेक : मालकांनी दबाव आणला?

बाबा : उलट मालकच म्हणाले, घरचा मामला आहे, तुम्ही बाजूला व्हा, सही साहाय्यक करेल.

लेक : मग व्हायचं ना बाजूला.

बाबा : आणि त्या बिचाऱ्याने तुझ्या शिव्या खायच्या?

लेक : आई गेल्यावर मी मुद्दाम तुमच्या गल्लीत घर घेतलं, बाबा. आता कुठे छोटी शाळेत रमायला लागली होती.

बाबा : माहीत आहे गं. पण इथे तो दुसरा गोलकीपर. आख्खा मोसम बाकावर बसून काढतो. तिकडे पहिल्या सामन्यापासून गोलात उभा राहील.

लेक : हे त्याला आधी विचारलंत?

बाबा : माझा निर्णय आहे. राग माझ्यावर काढ.

लेक : गंमत म्हणजे तो चिडलाच नाही. मी घरभर आदळआपट करतेय आणि हा शांतपणे पॅड पुसत बसलाय. का पाठवलं, एवढंही म्हणाला नाही.

बाबा : स्वभावच शांत आहे त्याचा.

लेक : बाबा, तो इथे आला होता का? तुमच्याकडे?

बाबा : ऑफिसात कोण येतं, काय बोलतं, ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

(ती खुर्ची ओढून बसते.)

लेक : ड्रेसिंग रूममध्ये त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे? सासऱ्याचा गोलकीपर.

बाबा : ऐकलंय.

लेक : मला म्हणायचा, चेष्टा करतात गं, मनावर घेत नाही मी.

बाबा : त्याच्यावर चिडू नकोस. तुझ्यासमोर तोंड उघडणं त्याला जड गेलं असेल.

लेक : आणि तुम्ही लगेच हो म्हणालात.

बाबा : लगेच नाही.

लेक : आम्ही गेल्यावर जेवणार कोणाबरोबर?

बाबा : इथे एवढी माणसं असतात की.

लेक : बोलतात तुमच्याशी?

बाबा : मी काही विचारलं, की तेवढं सांगतात.