तीन बोल्ट, एकही बसेना

...आणि वर तोंड करून मला म्हणतो, "बोल्टच तर आहे, बाबा!" बोल्टच आहे हो, हत्ती आहे असं मी कुठं म्हणतोय? पण कुठला बोल्ट, ते सांग ना! तुम्हाला सांगतो, तीन दिवस गाडीखाली उताणा पडलोय, या वयात, पाठीचं लाकूड झालंय, आणि आमचे चिरंजीव दारात उभे राहून अक्कल शिकवतात.

गाडी माझी. एकेचाळीस वर्षं माझी. आता गळते. इंजिनाच्या बुडाशी तेलाचं चेंबर असतं, त्याला खालून एक बोल्ट. काढला की जुनं तेल बाहेर, लावला की नवं आत राहतं. म्हणजे राहायला हवं! आमच्या बोल्टाचे आटे झिजून गुळगुळीत, डोकं ठोकून ठोकून बटाट्यासारखं... थेंब, थेंब, थेंब. त्यात सूनबाईनं पोर्चमध्ये नव्या फरश्या बसवल्या. पांढऱ्या! झालं. चिरंजीवांनी निकाल दिला: "रविवारपर्यंत गळती थांबली नाही तर भंगारवाला गाडी नेईल. मी सांगून ठेवलंय त्याला." सांगून ठेवलंय! मी अजून जिवंत आहे, एवढं तरी सांगितलंस का त्याला?

गेलो स्पेअर पार्टच्या दुकानात. जुना बोल्ट काउंटरवर ठेवला. दुकानदारानं चष्मा वर केला, खाली केला.

"काका, हे काय आहे?"

"बोल्ट."

"होता," म्हणाला.

मग गाडी कुठली, साल कुठलं. मी चार बुकं शिकलेला माणूस, पण गाडीचं साल झोपेतून उठवून विचारा! सांगितलं. त्यानं दिला. घरी आलो, खाली शिरलो... जाड! तोंडाशीच अडला. परत दुकानात. "मग बारीक न्या." बारीक नेला, तर तो फिरतोय, फिरतोय, गोल गोल फिरतोय, आणि टप्पकन माझ्या कपाळावर! परत दुकानात. आता तोही सुरू झाला, "काका, बोल्टच तर आहे, बसेल कुठला तरी." कुठला तरी? टोपी घ्यायला आलोय का मी? तिसरा दिला. तो दोन आटे आत गेला, मला वाटलं जमलं बुवा... आणि तिसऱ्या आट्याला रुतला तो रुतलाच.

मान खाली घालून कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथला मिस्त्री चहा पीत होता. चहाचा कप खाली न ठेवता म्हणतो, "आजोबा, हा बोल्ट गाडीवर नसतो बघायचा, इंजिनावर बघायचा. तुमचं इंजिन मूळचंच ना? बदललं-बिदललं नाही ना कधी?"

बदललं? माझ्या गाडीचं? माझ्या नकळत? म्हटलं, "आधी तुझी जीभ बदल." आणि तडक घरी.

शनिवार उजाडला. म्हटलं, आता जोर. पान्याला हातभर लोखंडी पाइप चढवला, पाय भिंतीला लावला, दात आवळले, आणि ओढणार इतक्यात घरातून ही धावत आली.

"अहो, थांबा! चेंबर फुटेल!"

"बाजूला हो."

"अहो, तो बसायचाच नाही!"

"तुला काय कळतं बोल्टातलं?"

"बोल्टातलं नाही कळत," म्हणाली. "पण इंजिन आपलं नाहीये."

पाना हातात, पाइप पान्याला आणि मी जमिनीला चिकटलेला!

मग बाहेर आलं सगळं. बावीस वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं, महिनाभर दवाखान्यात होतो. तेव्हा हिचा भाऊ माझा डबा पोचवायला माझी गाडी नेत होता. तेल बघितलं नाही शहाण्यानं. इंजिन जाम! "रडला हो बिचारा," ही म्हणते. मग बेकरीच्या जुन्या व्हॅनचं इंजिन मिळालं, त्याच कंपनीचं, ते गुपचूप बसवलं. "तुम्हाला सांगणारच होतो, पण टाके ओले होते." बावीस वर्षं ओले? "आणि घरी आल्यावर पहिली चक्कर मारून तुम्हीच म्हणालात, बघ, महिनाभर विश्रांती मिळाली तर आवाज कसा सुधारला! मग कुणाच्या तोंडून निघणार?"

म्हणालो होतो. खोटं कशाला बोलू?

रुतलेला बोल्ट हळूच उलटा काढला. नशीब, चेंबरचे आटे शाबूत होते. दुकानात गेलो. इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं, हळूच म्हटलं, "बेकरीच्या व्हॅनचा द्या." त्यानं मान वरही केली नाही, पुढ्यातल्या वाडग्यातून उचलून दिला. "काका, हा तर रोज खपतो. आधी नाही का बोलायचं? बोल्टच तर आहे!"

घरी येऊन वायसर घातला, बोट लावलं... लोण्यात सुरी जावी तसा गेला! शेवटी पान्यानं हलकेच आवळला. नवं तेल ओतलं. रविवारी सकाळी गाडीखालचं वर्तमानपत्र काढून बघितलं, कोरडं ठणठणीत. भंगारवाला आला, वाकून बघून गेला. चिरंजीव म्हणाले, "राहू द्या गाडी, बाबा."

गाडी वाचली. पण माझं डोकं तापलेलं! म्हटलं, लाव तुझ्या भावाला फोन, बावीस वर्षांचं आज एकदम सुनावतो.

तर ही काय म्हणते माहितीय? "नका हो. त्याला वाटतं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि तुम्ही मोठ्या मनानं चकार शब्द काढला नाहीत. चारचौघांत सांगत असतो, भावोजींसारखा माणूस होणे नाही."

आता काय सुनावणार, कपाळ? रिसीव्हर खाली ठेवला. मन मोठं झालंय. तोंड बंद ठेवलंय. तुम्हीही ठेवा.