हिची हत्यारांची पेटी

...आणि वर ती काउंटरवरची पोरगी मलाच विचारते, "काका, पेटी नेऊन करणार काय?" करणार काय म्हणजे? अहो, माझ्या बायकोची पेटी आहे ती! झाकणावर तिच्या नावाचं अक्षर खिळ्यानं कोरलंय, पकडीच्या दांड्याला माझ्याच जुन्या शर्टाची पट्टी गुंडाळलीय... आणि मी रांगेत उभा! भाड्यानं! तुम्हाला सांगतो, असा गाढवपणा करायलाही डोकं लागतं.

तर झालं काय... नाही, थांबा, आधी हिच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारा एका स्क्रू ड्रायव्हरसाठी गळा काढतोय. आमच्या घरात दुरुस्ती करायची ती हिनं. मी? मी हातोडी उचलली की शेजारी दार लावून घ्यायचे! मी एकाच विद्येत पारंगत, टाकून देण्याच्या. टेबलफॅन घरघरला, टाका! छत्रीची काडी मोडली, टाका! की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "टाकू नका, बघते मी." झालं! जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, पेटी उघडायची, दातात स्क्रू धरायचे... अहो, दातात स्क्रू धरून माझ्याशी भांडायचीसुद्धा, आणि एक स्क्रू खाली पडायचा नाही!

पेटी मूळची तिच्या वडिलांची. सासरे रेडिओ दुरुस्त करायचे, आणि हसणं म्हणाल तर त्यांना कधी परवडलंच नाही. लग्न ठरल्यावर मी हिला फिरायला न्यायला गेलो की फाटकात उभे राहून बजावायचे, "नेताय ते ठीक. अंधार पडायच्या आत परत आणून सोडायची. जशी नेताय तशी!" मी आपला, "हो हो, हो हो." सही मागत नव्हते, एवढंच.

असो. तर गेल्या वर्षी ही गेली. दवाखान्यात मी एकेका डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होतो, की आता कोणीतरी म्हणेल, बघतो मी... कोणी म्हणालं नाही. जाऊ द्या.

मग पेटी दारामागे पडून. जाता-येता पायाला लागायची, आणि दुखायचं भलतीकडेच. अशात चिरंजीव आले. त्यांना नवीन वारं लागलेलं. नवं काही घ्यायचं नाही, घेतलं तर जुनं घ्यायचं, फाटलं तर शिवायचं, लागलं तर भाड्यानं आणायचं! चांगलंच आहे हो, त्यात वाईट काय? त्याची आई जन्मभर तेच करत होती, फक्त भाषण देत नव्हती. म्हणाला, "बाबा, आपल्या चौकात वस्तूंची लायब्ररी निघालीय. शिडी, ड्रिल, तंबू, लागेल ते न्यायचं, काम झालं की परत. आईची पेटी इथे धूळ खातेय, तिथे दहा घरांना उपयोगी पडेल." आता ह्यावर काय बोलणार? पटलं! पटलं, हीच तर पंचाईत! उचलली पेटी आणि स्वतःच्या हातानं देऊन आलो. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! घरी आलो, दाराशी थबकलो... पायाला काहीच लागलं नाही.

आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं! सुतार आला, लांबूनच बघितलं, "साहेब, हे टाका, नवीन करून देतो." मी म्हणालो... म्हणालो नाही हो, तोंडातून निघून गेलं, "टाकू नका, बघतो मी." कोण बघतो? मी?

गेलो लायब्ररीत. म्हटलं, पेटी परत हवी. पोरगी म्हणते, "दिलेली वस्तू आता सगळ्यांची, काका. सभासद व्हा, भाडं भरा. शनिवारी न्या, सोमवारी आणा. आणि काय मोडलंय ते सांगायचं, त्याशिवाय मिळत नाही, फार मागणी आहे ह्या पेटीला." मागणी असणारच! पेटी कुणाची? पोरीचं काही चुकलं नाही. चुकलं ते... जाऊ द्या.

आणली घरी. वर्तमानपत्र पसरलं, दातात स्क्रू धरला, गिळता गिळता वाचलो! पण दार बसलं हो! उघडताना कण्हतं, पण बसलं. मग खुर्ची. मग खिडकीची कडी. असं करता करता एक दिवस घरात मोडकं काही उरलंच नाही! आता पोरीला सांगू काय? तर मी... कुणाला बोलू नका हं... पेटी परत करायच्या आधी तिच्यातलाच स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि घरातला एखादा स्क्रू ढिला करून ठेवतो. पुढच्या शनिवारची सोय!

परवा चिरंजीव आले, ऐटीत खुर्चीवर बसले, आणि खुर्चीसकट गेले खाली! कंबर चोळत म्हणतो, "बाबा, टाकून द्या ही!" कोण म्हणतोय बघा! म्हटलं, "टाकायची नाही. शनिवारी बघतो." मग दारामागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं त्यानं. हळूच म्हणाला, "बाबा, मी तेव्हा बोलायला नको होतं." म्हटलं, "अरे, दहा घरांची दारं बसतायत. आईला आवडलं असतं." आवडलंच असतं! मला आवडत नाही, तो भाग वेगळा.

तर आज शनिवार. "काका, पेटी नेऊन करणार काय?" म्हटलं, "खुर्ची मोडलीय." खोटं नाही, मुलगा साक्षीदार आहे! पोरीनं पेटी पुढे सरकवली. मी दोन्ही हातांनी उचलली, दारापर्यंत पोचलो, तोच मागून ओरडली, "काका! सोमवारी अंधार पडायच्या आत परत आणायची हं! आणि जशी नेताय तशी!"

मी आपला, "हो हो, हो हो."

काय करणार? एवढा संसार केला हो... आणि शेवटी पुन्हा फाटकातच उभा!