लेकीला हाक कशी मारता?

मंडळी, मला एक कोडं पडलंय. खरंच पडलंय, ढोंग नाही! माणसाची चौकशी करणारे शेकड्यांनी वाढले, तरी माणूस एकटा कसा पडतो? सांगा की! टाळकरीसुद्धा माझ्याच तोंडाकडं बघतायत! बरं, मग एक गोष्ट ऐका. बघू उत्तर सापडतं का.

अकलूजकडं सुभानराव जगदाळे नावाचे एक गृहस्थ. कुस्तीच्या फडात निवेदन करायचे. आवाज असा, की माइक बंद पडला तरी लांब झाडावर चढून बसलेल्याला ऐकू जाणार! "अरं एकलंगी भरली... भरली... आणि लागली पाठ मातीला!"

तेव्हा ऑर्कुट नवंनवं आलं होतं. आठवतंय का कुणाला? ते बघा, पांढऱ्या केसांचे चेहरे हसले! सायबर कॅफेत जायचं, फळकुटाच्या आडोशाला बसायचं, अन् आपल्याला कुणी काय लिहिलंय ते बघायचं. कुणी लिहिलं नसेल तर आपणच कुणाला तरी लिहायचं, "काय चाललंय?" आणि खरंच ठाऊक नसायचं हो, काय चाललंय ते! म्हणून तर विचारायचं!

तिथं सुभानरावांना चिपळूणचे अन्वर मुकादम भेटले. चष्म्याचं दुकान. जन्मात कुस्ती बघितलेली नाही. त्यांनी लिहिलं, "सुभानराव, धोबीपछाड म्हणतात, त्यात नेमका हात कुठं धरतात?" सुभानरावांनी पानभर उत्तर दिलं. लगेच पुढचा प्रश्न, "आणि ज्याला आपटतात, त्याच्या मनात तेव्हा काय येत असेल?" आता काय सांगणार! तर सुभानराव एका हरलेल्या पैलवानाला जाऊन विचारून आले! अशी मैत्री. भेट मात्र कधीच नाही.

पुढं ऑर्कुट बंद झालं. मोबाईल हातात आला. सुभानरावांच्या निवेदनाचे व्हिडिओ गावोगाव फिरले. चाहते किती, मोजता येईनात! त्या गर्दीत मुकादम कुठं गेले, कळलंच नाही.

आणि मग, मंडळी, सुभानरावांना घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल." काढलं. जीव वाचला. आवाज गेला.

त्यांनी फेसबुकावर दोन ओळी टाकल्या. प्रतिसादांचा नुसता पूर! जोडलेले हात, फुलं, "लवकर बरे व्हा." एकानं तर "जबरदस्त, पैलवान!" म्हणून ज्वाळांची चित्रं टाकली. वाचलंच नव्हतं त्यानं! माणसं वाईट नव्हती हो. पण सुभानराव फोन पालथा घालून भिंतीकडं तोंड करून पडायचे. घरात बायको इंदुमती, लेक तेजश्री, दोघी जपून वागायच्या. त्यांना लागेल म्हणून कुणी काही विचारायचंच नाही!

एक दिवस निरोप आला. "सुभानराव, मी चिपळूणचा मुकादम. सुनेनं तुमचं लिहिलेलं दाखवलं. पाणी पिताना कसं लागतं आता? मातीचा वास येतो का? आणि लेकीला हाक कशी मारता?"

अरे बाप रे! आजारी माणसाला असं विचारतात? सुभानराव भडकले. फोन गादीवर फेकला. थोड्या वेळानं उठून बसले, अन् लिहायला लागले. "वास येत नाही. श्वास आता गळ्याच्या भोकातून घेतो. लेकीला टाळी वाजवून बोलावतो. ती येते, पण माझ्याकडं बघत नाही. मुकादम, मला तिचं नाव घ्यायचंय हो!" लिहिताना रडू फुटलं. त्यालाही आवाज नाही! तेवढ्यात तेजश्री दारात. त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. तिनं वाचलं आणि बापाला मिठीच मारली. "अण्णा, मला वाटलं, तुम्हालाच नकोय बोलायला!"

चैत्रात मुकादम आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मला कुस्ती दाखवा!" आजारानंतर सुभानरावांनी फडाकडं पाय वळवला नव्हता. पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार? गेले. दोघं मातीच्या कडेला बसले. हलगी कडाडली. सुभानरावांची बोटं चालू झाली. इकडं हे लिहितायत, शेजारी मुकादम आपल्या फोनवर वाचून ओरडतायत, "वा! आता कळलं हात कुठं धरतात ते!"

मागून एकजण खेकसला, "बघा! पुढ्यात कुस्ती, अन् म्हातारे मोबाईलात!"

मुकादमांनी वळून आपला फोनच त्याच्या हातात दिला. त्यानं बघितलं. ओठ हलले. मग तो मोठ्यानं वाचायला लागला, "काळ्या लंगोटवाल्यानं दम धरलाय... डाव्या पायावर भार नाही त्याचा, बघत राहा..." आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली. ओळ येईल तसा तो वाचतोय, माणसं ऐकतायत! सुभानराव मात्र मागं वळले नाहीत. डोळे मातीवर, बोटं फोनवर. काळ्या लंगोटवाल्याची पाठ मातीला लागली तेव्हा अख्खा कोपरा ओरडला!

ते जुने दिवस गोड होते म्हणता. का हो? यंत्र तर सायकलच्या चालीनं चालायचं! पण आपल्याला एकमेकांचं कुतूहल होतं. विचारून आपण थांबत होतो, उत्तर येईपर्यंत.

आता तुमची पाळी! मांडीला मांडी लावून बसलात. शेजारच्याच्या मनात आज काय आहे, ठाऊक आहे का? नाही ना? मग विचारा. आत्ता! लाजता काय? टाळकरी, जरा टाळ थांबवा. मृदंगावरचा हात उचला. देवाला घाई नाही. यांची उत्तरं येऊ द्या, मग नाव घेऊ त्याचं.