कोरडे चार दिवस

(नगरमधला एक दवाखाना, १९७१. टेबलापाशी तिघी.)

डॉक्टरीणबाई : म्हणजे पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता दोन महिने पुन्हा अंगावरून लाल जातंय.

भागिरथी : व्हय. शेजारीन म्हनली, पुन्ना तरनी झालीस.

डॉक्टरीणबाई : शेजारणीला राहू द्या. आधी पाळी महिन्याच्या महिन्याला यायची?

भागिरथी : कंदी चुकली न्हाई.

राहीबाई : खोटं हाय ते, डॉक्टरीनबाई.

भागिरथी : राहे, गप!

डॉक्टरीणबाई : तुम्ही कोण यांच्या?

राहीबाई : सवत. अक्कांना पोर व्हईना म्हनून सासूनं मला आनली.

भागिरथी : दर महिन्याला चार दिस बाहेर बसायची मी. साऱ्या राजूर गावाला इचारा.

राहीबाई : बसायच्या की. पन परसात फडकी कुठं वाळायची? वर्सातनं तीनदा, लई झालं तर चारदा. बाकीच्या टायमाला कोरड्याच बसायच्या!

डॉक्टरीणबाई : भागिरथीबाई, सासूबाई आहेत?

भागिरथी : जाऊन धा वर्सं झाली.

डॉक्टरीणबाई : मग आता कुणाला भिता? पाळी चार-चार महिने येत नाही, तेव्हा पिशवीचं अस्तर आत वाढत राहतं. अशा बायांना पुढे पिशवीच्या कॅन्सरचा धोका जरा जास्त. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण गेलेली पाळी परत येत नसते. हे तपासायलाच हवं. उद्या थोडं अस्तर खरवडून पुण्याला धाडते.

भागिरथी : आन निघाला तर?

डॉक्टरीणबाई : तर पिशवी काढायची. वेळेत आलात तुम्ही. अशा बाया इथून चालत घरी गेल्यात.

राहीबाई : ह्या भांडत जातील.

भागिरथी : ...सासू बोटं मोजायची, बाई. महिना चुकला की बारशाच्या गोष्टी. मंग रक्त दिसलं की शिव्या. त्यापरीस बसलेलं बरं.

डॉक्टरीणबाई : म्हणून कोरड्याच बसायच्या.

भागिरथी : राहे, तुला ठावं हुतं, मंग म्हातारीला का न्हाई सांगितलंस? तुझाच मान वाढला असता.

राहीबाई : पंधरा वर्सांची आलते मी. तुमी लांबनं बसून मला भाकरी थापाया शिकवलंत. तेवढे चार दिस तुमच्या पाठीला इसावा हुता. म्हनलं, बसू द्या.

डॉक्टरीणबाई : मग, काय लिहू?

भागिरथी : पह्यलं लिव्हलेलं, कंदी चुकली न्हाई, ते खोडा. आन राहीला हितंच थांबू द्या. मी इसरले, तर ती सांगंल.