अप्पांची पेटी थांबली तेव्हा

त्या संध्याकाळी माझी बोबडीच वळली होती, सांगतो. सोलापुरात फिल्म क्लबानं मूकपट लावला होता. पडद्याखाली मी तबल्यावर आणि सत्तरीचे अप्पा पेटीवर. पडद्यावरची बाई विहिरीत उतरायला लागली आणि अप्पांची पेटी हळूहळू बंद पडली.

"अप्पा, वाजवा की!"

अंधारात त्यांचा हात चाचपला, तर बर्फासारखा गार. आदल्या आठवड्यातच त्यांच्या छातीत दुखलं होतं. ओरडणार, तेवढ्यात त्याच हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"गप बस की," अप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "लई भ्या वाटायलंय. तरणा असताना ह्यो खेळ रोज वाजवला, पण मान खाली घालून. ती बाई वाचती का मरती, आज तरी बघू दे!"