पौर्णिमेपुरता दात

“काढता-घालता दात नाई पाह्यजे मले. बुद्धवंदना म्हनता म्हनता निसटला तं?”

मलकापूरच्या दातांच्या दवाखान्यात पुढचा दात पडलेल्या कलाबाई पदराआडून कुरकुरत होत्या. एका अंगाला नवरा किसनराव, दुसऱ्या अंगाला सून मयुरी. त्याच बाकाच्या टोकाला मी.

“मंग बाजूच्या दाताले चिकटवलेला घे. डॉक्टर म्हने, पक्का दात बसेपर्यंत चार महिने चालते,” किसनराव म्हणाले.

“त्यानं भाकर तोडता येत नाई.”

“हातानं तोड. दातानं पोत्याची सुतळी कोनं सोडाले सांगतलं होतं?”

“तुमचे तं समोरचे दोन नाईत.”

“मले कोन विहारात पुढं बसवते?”

“मी बी नाई बसत आता. परवा पौर्णिमेले मयुरी म्हनन वंदना. दोन रविवार म्हनलीच ना? बाया म्हनल्या, छान झाली.”

“तुमाले बरं वाटावं म्हनून म्हनल्या त्या, आई. मी अडखळली का सगळ्या अडखळतात. तुमी म्हनता तं बारके लेकरं बी चुकत नाईत.”

“आन दात नाई ते कोनाले दिसते?” किसनरावांनी समजूत घातली. “काई समजत नाई.”

“समजते, बाबा. बुद्धं सरणं म्हनलं का शिट्टी वाजते, आन ते सगळ्यायले आयकू येते. आई, तुमी कोनताही दात बसवा, नाईतं नका बसवू. आमाले शिट्टी चालते. तुमचं मागं जाऊन बसनं चालत नाई.”